सिकलसेल, उत्क्रांती आणि देवावरची श्रद्धा



एरवी आपण येथे मधुमेह, रक्तदाब, डेंग्यू अशा विषयांवर बोलतो. आजचा विषय थोडा वेगळा वाटेल, पण तोही ओपीडीतूनच आला आहे. वर्धा जिल्ह्यात, किंबहुना सगळ्या विदर्भात, काम करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला सिकलसेलचे पेशंट भेटतात. लेकराचा रिपोर्ट समजावून सांगितला की आई-वडिलांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा औषधाचा नसतो. तो असा असतो: "डॉक्टरसाहेब, आमच्या हातून असं कोनतं पाप झालं जी?" कधी घरातले कोणी म्हणते, देवीचा कोप आहे. कधी सगळा दोष सुनेवर जातो: ही घरात आली आणि दुखणे घेऊन आली.

या प्रश्नाला विज्ञानाकडे एक चांगले उत्तर आहे आणि ते उत्क्रांतीच्या सिद्धांतातून येते. पण "उत्क्रांती" हा शब्द उच्चारला की सुशिक्षित माणसेही विचारतात, "म्हणजे तुम्ही देव मानत नाही का?" मी मानतो. घरी रोज पूजा होते, केळझरच्या गणपतीला जातो. उत्क्रांतीही मानतो, कारण तिच्याशिवाय मला माझ्या पेशंटचे आजार नीट समजलेच नसते. या दोन्ही गोष्टी एका डोक्यात कशा राहतात, ते आज तुमच्यापुढे मांडतो.

सिकलसेल म्हणजे काय?

आपल्या रक्तातल्या लाल पेशींमध्ये हिमोग्लोबिन असते. त्याच्या एका साखळीत 146 अमिनो आम्ले ओळीने जोडलेली असतात. सिकलसेलमध्ये सहाव्या जागेवरचे एकच अमिनो आम्ल बदललेले असते. एवढ्या लहान बदलाने काय होते? ऑक्सिजन कमी झाला, अंगातले पाणी कमी झाले, थंडी वाजली किंवा ताप आला की गोल, लवचीक पेशी विळ्यासारखी वाकडी आणि ताठ होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडे-सांधे प्रचंड दुखतात, रक्त कमी होते, डोळे पिवळे होतात, लहान बाळांची बोटे सुजतात, वारंवार जंतुसंसर्ग होतो.

हा जीन आई आणि वडील या दोघांकडून मिळाला तर मूल रुग्ण होते. आपल्याकडे त्याला "एसएस पॅटर्न" म्हणतात. एकाकडूनच मिळाला तर ते वाहक होते, म्हणजे "एएस पॅटर्न". वाहकाला सहसा काहीच त्रास नसतो. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता 25 टक्के, वाहक होण्याची 50 टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची 25 टक्के असते. म्हणजेच एसएस मुलाला हा जीन एकट्या आईकडून येऊच शकत नाही. सुनेला दोष देणाऱ्यांनी एवढे गणित आधी करावे.

इतका त्रासदायक जीन टिकला कसा?

येथे खरी गंमत आहे. जुन्या काळी एसएस पॅटर्नची बहुतेक मुले लग्नाच्या वयापर्यंत पोचत नसत. मग त्यांच्याबरोबर हा जीनही पिढ्यान्‌पिढ्या कमी होत संपायला हवा होता. तो संपला नाहीच. काही भागांत तर भरपूर वाढला. का?

याचे उत्तर मलेरियात सापडले. 1949 मध्ये हाल्डेन या शास्त्रज्ञाने थॅलेसेमियाबद्दल असा विचार मांडला होता की रक्ताचा हा दोष मलेरियापासून संरक्षण देत असावा. (हे हाल्डेन पुढे भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारले.) 1954 मध्ये अॅलिसन या डॉक्टरने पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून सिकलसेलबाबत हेच दाखवले. ज्याच्याकडे या जीनची एकच प्रत आहे, त्या वाहक मुलाला फाल्सिपॅरम मलेरिया झाला तरी तो जीवघेणा होण्याची शक्यता खूपच कमी असते. आफ्रिकेतल्या अभ्यासांत हे संरक्षण सुमारे 90 टक्क्यांपर्यंत आढळले आहे. (म्हणून वाहकाने मलेरियाचे औषध टाळावे असे मात्र नाही.)

जगाच्या नकाशावर सिकलसेलचे पट्टे आणि जुन्या मलेरियाचे पट्टे बऱ्याच ठिकाणी एकमेकांवर बसतात. मध्य भारताचे जंगल त्यातलेच. भारतातला हा जीन आफ्रिकेतून आलेला नसावा, असे बऱ्याच शास्त्रज्ञांचे मत आहे, पण त्यावर एकमत नाही. तो वेगळा उद्भवला असावा, असे त्याच्या आजूबाजूच्या जनुकीय खुणांवरून मानले जाते, आणि येथेही तो मलेरियामुळेच टिकला असावा.

आता त्या आईच्या प्रश्नाकडे पाहा. शेकडो वर्षांपूर्वी तिच्या कुळातल्या कोणा वाहक आजीने जंगलातला मलेरियाचा पावसाळा काढला. शेजारची लेकरे तापाने गेली, तिची जगली. त्या जगलेल्या लेकरांची ही आजची पिढी. मलेरियावर औषध नव्हते तेव्हा या जीनने घराणे जगवले. आज दोन वाहक एकत्र आले आणि त्याच ढालीची दुसरी बाजू लेकराला लागली. यात कोणाचे पाप नाही आणि देवीचा कोपही नाही.

हे ऐकल्यावर आई-वडिलांचा चेहरा बदलतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. आजार जात नाही, पण लाज जाते. लाज गेली की ते इतर मुलांची, भावा-बहिणींची तपासणी करायला तयार होतात.

उत्क्रांती "कोणी पाहिली" आहे का?

जानेवारी 2018 मध्ये औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) एका वैदिक संमेलनात तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, कारण माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलेले नाही. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून हे म्हणणे खोडून काढले. पुढे 2023 मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, तेव्हा पुन्हा वाद झाला. आपल्या राज्य मंडळाच्या 2018 च्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात मात्र पहिलाच धडा "आनुवंशिकता व उत्क्रांती" हा आहे. तुमच्या घरात दहावीचे मूल असेल तर पुस्तक उघडून पाहा.

पहिली गोष्ट, आजच्या माकडाचा माणूस झाला असे उत्क्रांती म्हणतच नाही. चिंपांझी आणि माणूस यांचे पूर्वज एक होते आणि त्यांच्या वाटा साधारण 60 ते 70 लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, असे ती म्हणते. चिंपांझी आपला आजोबा नाही, लांबचा चुलतभाऊ आहे.

दुसरी गोष्ट, उत्क्रांती आम्ही डॉक्टर रोज पाहतो. टीबीच्या पेशंटच्या फुप्फुसातल्या एका पोकळीत कोट्यवधी जंतू असू शकतात. त्यातल्या एखाद्या जंतूत योगायोगाने असा बदल झालेला असतो की एक विशिष्ट औषध त्याला मारू शकत नाही. तेवढे एकच औषध दिले तर बाकीचे जंतू मरतात आणि हा उरतो, वाढतो. थोड्याच दिवसांत सगळी फौज त्याच्याच वंशाची होते. प्रत्येक पिढीत थोडे बदल, त्यांचा वारसा आणि परिस्थितीने केलेली निवड: उत्क्रांतीचे यंत्र एवढेच आहे. म्हणून टीबीत सुरुवातीचे दोन महिने चार औषधे एकत्र देतात. चारही औषधांना पुरून उरणारा जंतू योगायोगाने सापडणे जवळपास अशक्य असते. "बरं वाटते तर गोळ्या कशाला?" असे म्हणून औषध मध्येच सोडणारा माणूस आपल्या छातीत उत्क्रांतीचा प्रयोग लावत असतो.

तिसरी गोष्ट तुमच्या-माझ्या शरीरातली. गाय, कुत्रा, शेळी यांना आवळा किंवा लिंबू खावे लागत नाही. व्हिटॅमिन सी त्यांचे यकृत तयार करते. आपले करत नाही. हे काम करणारा जीन आपल्यातही आहे, पण मोडलेला. तो चिंपांझीत आणि इतर माकडांतही मोडलेला आहे आणि मोडतोडीच्या खुणाही जुळतात. परीक्षेत दोन उत्तरपत्रिकांत बरोबर उत्तर सारखे असेल तर मास्तर संशय घेत नाहीत. पण एकच विचित्र चूक दोन्हींत असेल तर मूळ प्रत एक होती हे कळते. हा तसाच पुरावा आहे.

गिरडचे दगड

आता श्रद्धेकडे वळू. आपल्या जिल्ह्यात समुद्रपूर तालुक्यात गिरड आहे. तेथल्या टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे आणि हिंदू-मुसलमान दोघेही तेथे जातात. टेकडीवर गोलसर दगड सापडतात. आख्यायिका अशी की काही व्यापाऱ्यांनी फकिराची थट्टा केली, तेव्हा त्यांच्याजवळचे नारळ वगैरे सगळा माल दगड झाला. जुन्या इंग्रजी गॅझेटियरमध्येही ही कथा नोंदलेली आहे आणि त्याच नोंदीत ते दगड झिओलाइट नावाच्या खनिजाचे गोळे आहेत असेही लिहिले आहे. दख्खनच्या लाव्हातल्या पोकळ्यांत असे खनिज साचते. हा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. त्याच काळाच्या आसपासच्या डायनोसॉरची हाडे शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुऱ्याला सापडली आहेत.

झिओलाइटची माहिती असलेला माणूस गिरडला चादर चढवू शकतो का? माझ्या मते खुशाल चढवू शकतो. ती कथा दगडांचे रसायनशास्त्र सांगायला रचलेली नाही. गरीब फकिराची थट्टा करू नये, मालाचा माज करू नये, हे ती सांगते. दगड कसा तयार झाला हे भूशास्त्र सांगेल. मन कसे ठेवावे हे कथा सांगेल.

नागपूरचे स्टीफन हिस्लॉप यांचे उदाहरण मला म्हणूनच आवडते. हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. ते स्कॉटलंडहून आलेले ख्रिस्ती मिशनरी, धर्मप्रचार हेच त्यांचे काम. पण नागपूरजवळच्या टाकळीला लाव्हाच्या थरांमध्ये अडकलेले शिंपले, वनस्पती आणि कीटक यांचे जीवाश्म त्यांनी गोळा केले, त्यांचा अभ्यास केला आणि विदर्भाच्या भूशास्त्राचा पाया घातला. 1863 मध्ये टाकळघाटची जुनी दगडी वर्तुळे पाहून परतताना बोरीजवळ पाण्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. डार्विनचे पुस्तक त्याआधी चार वर्षे, 1859 मध्ये आले होते. हिस्लॉप यांची श्रद्धा पक्की होती, तरी दगड काय सांगतो ते ऐकून घ्यायला त्यांना भीती वाटली नाही.

कारण सांगणारी श्रद्धा आणि काम सांगणारी श्रद्धा

माझा मुख्य मुद्दा समजायला वर्ध्याचाच इतिहास उपयोगी पडतो.

15 जानेवारी 1934 रोजी बिहारमध्ये भीषण भूकंप झाला. गांधीजींनी म्हटले की अस्पृश्यतेच्या पापाची ही ईश्वराने दिलेली शिक्षा आहे. रवींद्रनाथ टागोरांनी जाहीर हरकत घेतली. अस्पृश्यता पाप आहे हे त्यांनाही मान्य होते. पण भौतिक घटनेचे कारण भौतिकच असते, तिला नैतिक शिक्षा ठरवू नका, असे त्यांचे म्हणणे होते. गांधीजींनी ते पत्र आपल्या "हरिजन"मध्ये छापले आणि उत्तरही दिले. मत मात्र बदलले नाही.

आता त्यानंतर काही वर्षांनी सेवाग्रामला काय झाले ते पाहा. संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री यांना कुष्ठरोग झाला होता. त्या काळी कुष्ठरोग म्हणजे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ, अशी सर्वत्र समजूत होती. गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले, स्वतःच्या हाताने त्यांची शुश्रूषा केली, मालिश केले. परचुरे कुटी आजही आश्रमात पाहता येते. जवळच दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी विनोबांच्या प्रेरणेने 1936 मध्येच कुष्ठसेवेचे काम सुरू केले होते.

एकाच माणसाच्या श्रद्धेचे हे दोन उपयोग आहेत. 1934 मध्ये ती श्रद्धा घटनेचे कारण सांगू लागली आणि टागोरांचे बरोबर ठरले. सेवाग्रामला ती आपले काम काय हे सांगत होती आणि तिथे गांधीजी जगाच्या पुढे होते.

कुष्ठरोगाच्या जंतूबद्दल उत्क्रांतीकडे सांगण्यासारखे भरपूर आहे. 2001 मध्ये त्याचा संपूर्ण जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला. टीबीच्या जंतूत सुमारे 4,000 जीन काम करतात, तर त्याच्या या नातलगात सुमारे 1,600. बाकीचे मोडून पडले आहेत. माणसाच्या पेशीत आयते राहायला मिळाल्याने त्याची स्वतंत्र जगण्याची ताकद गेली. म्हणूनच तो प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवता येत नाही. पण परचुरे शास्त्रींच्या जखमा कोणी धुवायच्या, हे त्या आराखड्यात कुठेच लिहिलेले नाही. "जो दुबळा तो मरो" हा निसर्गातला हिशेब असेल, दवाखान्यातला नाही. आम्ही डॉक्टर रोज नैसर्गिक निवडीच्या विरुद्ध उभे असतो, आणि तेथे उभे राहण्याचे बळ अनेकांना श्रद्धेतूनच मिळते.

म्हणून मी म्हणतो, उत्क्रांती श्रद्धेकडून एकच गोष्ट काढून घेते: आजाराला शिक्षा म्हणण्याचा अधिकार. तो गेलेलाच बरा.

"हे सगळे आमच्या ग्रंथांत आधीच आहे"

काही जण उलट्या बाजूने येतात. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन हा क्रम म्हणजेच उत्क्रांती, असे ते सांगतात. साम्य मनोरंजक आहे, हाल्डेन यांनाही ते जाणवले होते. पण दशावतारात एकच ईश्वर निरनिराळी रूपे घेतो. उत्क्रांतीत एका जातीपासून अनेक जातींच्या फांद्या फुटतात आणि त्यात वरच्या पायरीवर जाण्याचा ठरलेला क्रम नसतो. पुराणाला विज्ञानाचे सर्टिफिकेट लावले की नुकसान पुराणाचेच होते. उद्या विज्ञानाने मत बदलले तर तुम्ही अवतार बदलणार का?

आपल्या परंपरेत याहून मोलाची गोष्ट आहे. नाथांनी काशीहून आणलेली गंगा तहानेल्या गाढवाला पाजली, तुकोबांना झाडे सोयरी वाटली. चौऱ्यांशी लक्ष योनींची कल्पना ऐकत वाढलेल्या माणसाला मुंगीशी नाते सांगितले तर धक्का बसायला नको. हे पुरावे नाहीत. पण उत्क्रांतीने सांगितलेले नाते मनाने स्वीकारायची तयारी मात्र त्यांत आहे. इतर धर्मांतही अशी वाट आहे: पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1996 मध्ये म्हटले की उत्क्रांती आता निव्वळ तर्क राहिलेली नाही. बौद्ध विचारात तर अनित्यता मूळच आहे.

एक अवघड प्रश्न

सगळे जुळले असे सांगून मी मोकळा होणार नाही. सिकलसेलचा हिशेब निर्दय आहे. अनेक वाहक मुले वाचावीत म्हणून काही मुलांनी तळमळायचे. दयाळू देव असा मार्ग का वापरेल?

हा प्रश्न डार्विनलाही छळत होता. 1851 मध्ये त्याची दहा वर्षांची मुलगी ॲनी वारली. 1860 मध्ये त्याने मित्राला, हार्वर्डच्या एसा ग्रे यांना, पत्रात लिहिले की जिवंत अळीला आतून खाणारी माशी दयाळू देवाने मुद्दाम निर्माण केली, हे मला पटत नाही. ग्रे हे श्रद्धाळू ख्रिस्ती आणि अमेरिकेत डार्विनचे सर्वांत मोठे समर्थक. त्यांची श्रद्धा टिकली, डार्विनची विरत गेली, मैत्री मात्र शेवटपर्यंत राहिली. म्हणजे तेच विज्ञान मानून दोन प्रामाणिक माणसे दोन ठिकाणी पोचू शकतात.

मी ग्रे यांच्या बाजूचा आहे. प्रत्येक गर्भात देव कोणता जीन टाकायचा हे ठरवत बसतो, असे मी मानत नाही. तो नियमांचे जग चालू देतो आणि त्या जगात दुखणाऱ्या माणसाशेजारी कोणी बसायचे हे आपल्यावर सोपवतो, असे मी मानतो. हे मी प्रयोगाने सिद्ध करू शकत नाही आणि तुमच्यावर लादतही नाही.

मग तुम्ही काय कराल?

घरात सिकलसेल असेल किंवा शंका असेल तर एवढे लक्षात ठेवा.

1. लग्नाआधी दोघांचीही तपासणी करा. सोल्युबिलिटी टेस्ट पॉझिटिव्ह आली तर पुढची तपासणी करून एएस की एसएस ते नक्की करा. 2023 पासून राष्ट्रीय मोहिमेत ही तपासणी सरकारी दवाखान्यात होते.

2. दोघेही वाहक असाल तर घाबरू नका. गरोदरपणाच्या अगदी सुरुवातीला डॉक्टरांना भेटा, गर्भाची तपासणी शक्य असते.

3. एसएस पेशंटने भरपूर पाणी प्यावे, लसी पूर्ण घ्याव्यात, हायड्रॉक्सियुरिया डॉक्टरांच्या सल्ल्यानेच आणि नियमित घ्यावे. ताप, छातीत दुखणे, दम लागणे किंवा अचानक पांढरेफटक पडणे, यांत वाट पाहू नका, लगेच दवाखान्यात या.

4. एसएस पेशंटने निर्जळी उपवास करू नये. हरतालिका असो वा रोजा, अंगातले पाणी कमी झाले की दुखण्याचा झटका येऊ शकतो. कार्तिकातले पहाटेचे थंड पाण्याचे स्नान आणि उन्हातली लांब पायी वारीही टाळावी. आजारी माणसाला यातून सूट देण्याची सोय जवळपास प्रत्येक धर्मात आहे. घरातल्या मोठ्यांनी ती सूट स्वतःहून द्यावी. लेकराला मागायला लावू नये.